दारोदार फिरलेले ३३७ टन

१ जानेवारी २०२५. नव्या वर्षाचा पहिला दिवस मावळला होता आणि भोपाळ शहरातून रात्री एक विलक्षण वरात निघाली. पुढेमागे पोलिसांच्या गाड्या, सोबत रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब, आणि मध्ये ओळीने बारा बंद कंटेनर. वाटेतली वाहतूक थांबवून ठेवलेली. कंटेनर भरण्यासाठी शंभरेक कामगार लावले होते आणि त्यांची पाळी दर अर्ध्या तासाने बदलत होती. त्याहून अधिक वेळ त्या मालाजवळ कुणाला थांबू द्यायचे नव्हते. सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून पहाटे ही वरात इंदूरजवळच्या, धार जिल्ह्यातल्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत पोहोचली. कंटेनरमध्ये होता युनियन कार्बाइडच्या कारखान्यात वायुकांडानंतर चाळीस वर्षे पडून राहिलेला विषारी कचरा. वजन ३३७ टन.

३३७ टन म्हणजे फार नाही. मुंबई एका दिवसात याच्या कितीतरी पट कचरा टाकते आणि त्याची कुणी बातमीही करत नाही. भोपाळच्या या कचऱ्यातही जवळजवळ निम्मी, सुमारे १६२ टन, नुसती माती होती. कारखान्याच्या आवारातून खरवडून काढलेली. बाकी अर्धवट तयार झालेले कीटकनाशक, सेव्हिन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, रिॲक्टरमधला गाळ. एवढ्याशा ऐवजाची विल्हेवाट लावायला एका खंडप्राय देशाला चाळीस वर्षे लागावीत, आणि त्याच चाळीस वर्षांत त्या देशाने अणुस्फोट केलेले असावेत, चंद्रावर यान उतरवलेले असावे, हे एक कोडेच आहे. ‘सरकारी दिरंगाई’ हे दोन शब्द उच्चारून त्यातून मोकळे होता येते. बहुतेक जण होतातही. पण या कचऱ्याने केलेली भ्रमंती जरा बारकाईने पाहिली, तर ते उत्तर अपुरे वाटू लागते.

कारखान्यामागची तळी

कार्बाइडचा भोपाळचा कारखाना १९६९ सालचा. शेतीला कीटकनाशके हवी होती, हरितक्रांतीचे दिवस होते, आणि अशा कारखान्याला जागा देणे हे प्रगतीचे लक्षण मानले जात होते. सेव्हिन हे तिथले मुख्य उत्पादन. उत्पादन म्हटले की उरलेसुरले आलेच. ते आवारातल्या खड्ड्यांत जाई. १९७७ पासून कारखान्याच्या उत्तरेला प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली मोठी तळी बांधण्यात आली. सांडपाणी त्यांत सोडायचे, उन्हाने पाणी आटेल आणि गाळ तळाशी राहील, अशी कल्पना. मोसमी पावसाच्या प्रदेशात पाणी आटवण्याच्या तळ्यांवर भिस्त ठेवायची हा धाडसाचाच प्रकार होता. ही तळी गळत असल्याची नोंद कंपनीच्या कागदपत्रांत १९८२ सालीच झालेली होती.

त्याच १९८२ मध्ये भोपाळचे एक तरुण पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकातून कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहीत होते. १९८१ च्या डिसेंबरात कारखान्यातला एक कामगार फॉस्जिन वायूने दगावला होता. तो केसवानींच्या ओळखीचा. त्यांनी मग चिकाटीने माहिती गोळा केली, लिहिले, परत परत लिहिले. कुणी मनावर घेतले नाही. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. वस्तीला सावध करणारा भोंगा सुरू होऊन थोड्याच वेळात बंद करण्यात आला. लोक वाऱ्याच्या दिशेनेच धावत सुटले. हमीदिया रुग्णालयात हजारोंनी रोगी आले, तेव्हा हा वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, हे तिथल्या डॉक्टरांना सांगणारे कुणी नव्हते. ओला फडका तोंडावर धरा, एवढी साधी सूचना मिळाली असती तरी काही जीव वाचले असते.

त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिले गेले. कारखाना बंद झाल्यावर आत जे उरले, त्याच्याकडे मात्र बरीच वर्षे कुणी पाहिले नाही. शेडमध्ये पोती, पिंपे, फुटके डबे. कुंपणाची भिंत ठिकठिकाणी पडलेली, आत गवत माजलेले, शेळ्या चरताहेत, पोरे खेळताहेत. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. १९९८ मध्ये कारखान्याची जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली, जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या सगळ्या ऐवजासह. भोवतालच्या वस्त्यांतल्या हातपंपाच्या पाण्याला वास येतो अशी तक्रार होतीच. १९९९ मध्ये ‘ग्रीनपीस’ने माती आणि पाण्याचे नमुने तपासून त्यांत पारा आणि क्लोरिनयुक्त रसायने असल्याचे दाखवून दिले.

नकारांची साखळी

२००४ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. २००५ मध्ये आवारातला कचरा वेचून, पोत्यांत भरून, एका शेडमध्ये रचण्यात आला. तो भरला सुमारे ३४६ टन. शिवाय चाळीसेक टन चुन्याचा गाळ होता. तो २००८ मध्ये पीथमपूरला नेऊन पुरण्यात आला. आता उरलेले जाळायचे कुठे?

पहिले नाव निघाले गुजरातमधील अंकलेश्वरचे. तिथे घातक कचरा जाळणारी भट्टी होती. गुजरात सरकारने आधी होकार दिला, लोकांनी विरोध केला आणि २००७ मध्ये होकाराचा नकार झाला. मग आले आपले बुटीबोरी. नागपूरजवळ संरक्षण संशोधन संस्थेची भट्टी आहे, तिथे हा कचरा जाळावा असा आदेश २०११ मध्ये निघाला. विदर्भातल्या वाचकांना त्या वेळचे वातावरण आठवत असेल. ‘भोपाळचे विष नागपुरात नको’ या मुद्द्यावर सगळे पक्ष एक झाले, आणि हा योग नागपुरात रोज येत नाही. राज्य सरकारने विरोध केला, प्रदूषण नियंत्रण मंडळाने नकार दिला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि बेत बारगळला.

२०१२ मध्ये तर हा कचरा विमानाने जर्मनीत हॅम्बुर्गला न्यायचे ठरले. ‘जीआयझेड’ ही जर्मन सरकारी संस्था ते काम सुमारे २५ कोटी रुपयांत करणार होती. केंद्रीय मंत्रिगटाने मान्यताही दिली. पण जर्मन नागरिकांनीही तेच म्हटले, जे नागपूरकरांनी म्हटले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मन संस्थेने अंग काढून घेतले. अखेर २०१५ मध्ये पीथमपूरच्या खासगी भट्टीत चाचणी म्हणून १० टन जाळले गेले, आणि उरलेले ३३७ टन आणखी जवळजवळ दहा वर्षे भोपाळातच राहिले. २०२३ मध्ये त्यासाठी १२६ कोटी रुपये मंजूर झाले. २०१२ च्या २५ कोटींशी ही रक्कम ताडून पाहावी.

अंकलेश्वर, बुटीबोरी, पीथमपूर या तिन्ही ठिकाणी भट्ट्या होत्या. त्या चालवणारी माणसे होती. कायदाही होता, घातक कचऱ्याचे नियम १९८९ पासूनचे आहेत. म्हणजे यंत्र होते, नियम होता, पुढे पैसाही आला. नव्हता तो शेजाऱ्यांचा विश्वास. भट्टीच्या धुराड्यातून काय बाहेर पडते ते आम्ही नीट मोजू, मोजलेले लपवणार नाही आणि बिघडले तर भट्टी बंद करू, एवढे कुणी म्हटले आणि ऐकणाऱ्याला ते खरे वाटले, असे या देशात कुठेच घडत नव्हते. ‘क्षमता उभारणी’ हा शब्द १९९२ च्या रिओ परिषदेपासून सरकारी अहवालांतून सुळसुळाट करतो आहे. रिओच्या ‘अजेंडा २१’मध्ये विषारी रसायनांवर आणि घातक कचऱ्यावर वेगवेगळी प्रकरणे होती. त्या क्षमतेचा हा भाग मात्र यंत्रसामग्रीच्या यादीत कधी आला नाही.

श्रीमंत देशांना हे आपोआप साधले असेही नाही. १० जुलै १९७६ रोजी इटलीत मिलानजवळ सेवेसो गावाच्या परिसरात एका रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला. त्या कारखान्यातला सर्वांत विषारी माल ४१ पिंपांत भरला गेला, १९८२ मध्ये पिंपे इटलीबाहेर गेली, आणि चक्क नाहीशी झाली! आठ महिने अख्खा युरोप ती शोधत होता. १९८३ च्या मे महिन्यात उत्तर फ्रान्समधल्या एका बंद पडलेल्या कत्तलखान्यात ती सापडली. शेवटी ती स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरी नेऊन १९८५ मध्ये जाळण्यात आली. घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर लगाम घालणारा करार १९८९ मध्ये त्याच बाझलला झाला; भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. सेवेसोनंतर युरोपने जो निर्देश १९८२ मध्ये काढला, त्यातले एक कलम मला फार महत्त्वाचे वाटते. धोकादायक कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना धोका काय आहे आणि अपघात झाला तर काय करायचे, हे आधीच सांगितले पाहिजे. मागितल्यावर द्यायची माहिती ती नव्हे, न मागता द्यायची.

दोन सेकंदांचा प्रश्न

घातक कचरा जाळणे हे काडी लावण्याइतके सोपे नाही. भट्टी म्हणजे सावकाश फिरणारे एक आडवे नळकांडे. त्यात कचरा साडेआठशे अंशांच्या आसपास तापमानात जळतो. निघणारा धूर दुसऱ्या कक्षात अकराशे अंशांवर किमान दोन सेकंद राहावा लागतो, तेव्हा कुठे त्यातले रेणू पुरते मोडतात. त्यानंतर तो झटकन थंड करायचा. सावकाश थंड झाला तर वाटेतच डायॉक्सिन पुन्हा तयार होते. पुढे चुना, कोळशाची भुकटी, कापडी पिशव्यांच्या गाळण्या, पाण्याचा फवारा, आणि मग धुराडे. यातली एकही पायरी चुकली, वीज गेली, कचऱ्याचे मिश्रण बदलले की आधीची सगळी मेहनत वाया.

डायॉक्सिनची मर्यादा आहे एका घनमीटर हवेत ०.१ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे अब्ज भाग करायचे, त्यातला एक घ्यायचा आणि त्याचाही दहावा हिस्सा. कार्बन मोनॉक्साइड किंवा गंधकाचे वायू धुराड्यातल्या यंत्राला क्षणोक्षणी दिसतात, त्यांचे आकडे फाटकावरच्या फलकावर झळकवता येतात. डायॉक्सिन तसे दिसत नाही. धुराचा नमुना काही तास गोळा करायचा, तो प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि निकाल येतो काही दिवसांनी. तोवर भट्टी चालूच असते. हे काम करू शकणाऱ्या प्रयोगशाळा आपल्या देशात मोजक्याच. पीथमपूरच्या भट्टीत २०१५ पूर्वी घेतलेल्या काही चाचण्यांत डायॉक्सिन मर्यादेबाहेर गेले होते. मग शेजारच्या तारपुरा गावच्या लोकांनी शंका घेतली तर त्यांना अडाणी कसे म्हणायचे?

३ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे कंटेनर पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पीथमपुरात बंद पाळला गेला, मोर्चे निघाले, दोघांनी पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. मगच शासनाला लोकांशी बोलावेसे वाटले. पत्रके वाटली गेली, सभा झाल्या. जे काम दहा वर्षांपूर्वी सुरू करायचे ते सहा आठवड्यांत उरकण्याची धडपड! फेब्रुवारीच्या अखेरीस पहिली चाचणी झाली. ताशी १३५ किलो, मग १८०, मग २७०, अशा तीन चाचण्यांत ३० टन जळाले. उरलेले ३०७ टन ५ मे रोजी घेतले आणि ३० जूनच्या पहाटेपर्यंत संपवले. काम करण्याची ही रीत योग्यच होती. आधी थोडे जाळा, मोजा, आकडे न्यायालयापुढे ठेवा, मग वेग वाढवा. मात्र ती पाळायला न्यायालयाची तारीख डोक्यावर लागली.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राने यात फार शहाणपण मिरवावे असे नाही. तळोजा, तारापूर, महाड, लोटे, रोहे, पाताळगंगा, डोंबिवली ही नावे आपल्या घराघरांत पगार घेऊन आली. त्यांच्या मागच्या बाजूला वर्षानुवर्षे पोत्यांतून काय साठत होते आणि पावसाळी रात्री ओढ्याला काय सोडले जात होते, हे त्या वसाहतींत राहणाऱ्यांना वासावरून कळे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला निळी कुत्री दिसू लागली, तेव्हा वर्तमानपत्रांतली छायाचित्रे पाहून लोक हसले. कुत्री कासाडी नदीच्या परिसरात हिंडत होती, अंगाला चिकटला तो कारखान्यातला रंग. तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी येथे सामायिक केंद्रे उभी राहिली ही मोठीच प्रगती. मात्र केंद्र उभारल्याने प्रत्येक पिंप तिथे पोहोचतेच असे नाही. त्यासाठी ‘मॅनिफेस्ट’ नावाचे पत्रक असते. २०१६ च्या नियमांनुसार त्याच्या सात प्रती, पांढरी, पिवळी, गुलाबी अशा वेगवेगळ्या रंगांच्या. कारखानदार, ट्रकवाला, केंद्र आणि मंडळ यांनी आपापली प्रत सांभाळायची आणि कारखान्याबाहेर पडलेले वजन केंद्रात पोहोचलेल्या वजनाशी जुळवायचे. हे जुळवणारा कारकून हा माझ्या मते देशाच्या पर्यावरण-रक्षणातला सर्वांत दुर्लक्षित माणूस आहे. त्याच्या टेबलावर किती वसाहतींचे कागद येतात आणि ते वाचायला त्याला किती वेळ मिळतो, हे विचारायला हवे.

कचऱ्याचे झाले ते झाले, रसायनांचे तरी? ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला एका कारखान्यातून स्टायरीनची वाफ पसरली आणि १२ जण मेले. टाळेबंदीत कारखाना बंद होता, टाकी भरलेली होती. स्टायरीन आपोआप घट्ट होऊ नये, तापू नये म्हणून त्यात एक रसायन मिसळावे लागते. ते पुरेसे नव्हते. आणि भोंगा याही वेळी वाजला नाही. भोपाळनंतर छत्तीस वर्षांनी! डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला आणि २३ मे २०२४ रोजी पुन्हा झाला. दोन्ही वेळा मृतांचा आकडा दोन अंकी. दोन्ही वेळा कारखाने हलवण्याची भाषा झाली. अशा कारखान्याची तपासणी कुणी करायची, हा प्रश्न विचारला की औद्योगिक सुरक्षा संचालनालय, प्रदूषण मंडळ, औद्योगिक विकास महामंडळ आणि अग्निशमन दल यांच्यातला प्रत्येक जण आपल्या वाट्याचा तुकडा सांगतो. रिॲक्टरमध्ये नेमकी कोणती प्रक्रिया चालली आहे, ती हाताबाहेर गेली तर काय होईल, हे समजणारा रसायन अभियंता यांपैकी कुणाकडे आणि किती वेळा जातो? भोपाळनंतर कायदे भराभर झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती, १९८९ चे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम. कागदावर जिल्ह्याजिल्ह्याला आपत्कालीन आराखडा आला. तो आराखडा शेजारच्या चाळीतल्या गृहिणीपर्यंत पोहोचला का, वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहून त्याला आडवे निघायचे, हे तिला कुणी सांगितले का, याचे उत्तर वाचकांनी आपापल्या गावापुरते स्वतःच द्यावे.

विष आले तिकडे परत पाठवणे हाही एक मार्ग असतो, आणि एकदा तो साधला होता. कोडाईकनालला थर्मामीटरच्या कारखान्यात पाऱ्याचा कचरा साठला होता. भंगारवाल्याच्या आवारात काचेचा ढीग सापडल्यावर लोकांनी प्रकरण लावून धरले, २००१ मध्ये कारखाना बंद झाला आणि २००३ मध्ये सुमारे २९० टन माल जहाजाने अमेरिकेला परत गेला. कंपनी हयात होती, मालक जागेवर होता, म्हणून ते जमले. भोपाळचा मालक मध्यंतरी दोनदा बदलला होता. १९९४ मध्ये भारतीय कंपनीचे समभाग विकले गेले, २००१ मध्ये मूळ अमेरिकी कंपनी ‘डाऊ’ने घेतली. कचरा मात्र जागचा हलला नव्हता.

राख आणि माती

३३७ टन कचरा जाळल्यावर पीथमपुरात राख किती उरली असेल? ८०० टनांहून अधिक. हे वाचून चुकीचा छापलेला आकडा वाटेल, पण तो बरोबर आहे. कचऱ्यात निम्मी मातीच होती, ती कुठली जळायला? शिवाय जाळताना आणि धूर धुताना चुना मिसळला जातो, त्याचे वजन राखेत येते. विषारी सेंद्रिय रसायने मोडली, शिसे आणि पारा यांसारखे धातू मात्र आगीत नष्ट होत नाहीत. या राखेत पारा किती, वस्तीपासून किती अंतरावर ती पुरायची, यावर २०२५ मध्येच पुन्हा न्यायालयात वाद सुरू झाला. पुरायची म्हणजे खाली मातीचा दाबलेला थर, त्यावर जाड प्लॅस्टिकचे दुहेरी अस्तर, झिरपलेले पाणी गोळा करणाऱ्या नळ्या, वरून पुन्हा झाकण. आणि अशी जागा भरून बंद केल्यावर तीस वर्षे भोवतालच्या विहिरींचे पाणी तपासत राहायचे असा दंडक आहे. तीस वर्षांत कंत्राटदार बदलतात, अधिकारी निवृत्त होतात, वह्या गहाळ होतात. पीथमपूरची राख पुरल्यावर ज्या मुलीने विहिरीचा पहिला नमुना भरला असेल, ती शेवटचा नमुना भरेपर्यंत सेवानिवृत्तीला आलेली असेल.

भोपाळच्या कारखान्याची जागा अजून तिथेच आहे. नागपूरची ‘नीरी’ आणि हैदराबादची ‘एनजीआरआय’ या दोन संस्थांनी २०१० च्या सुमारास तिथली माती तपासली होती. जी माती उपसून किंवा जागच्या जागी स्वच्छ करावी लागेल, तिचा त्यांनी काढलेला अंदाज होता सुमारे ११ लाख टन. शेडमधली ३४६ टनांची पोती तेवढी गेली. उत्तरेच्या तळ्यांखालची जमीन आणि भूजल यांना कुणी हात लावलेला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने दूषित जमिनींसाठी प्रथमच स्वतंत्र नियम काढले. अशी जागा कोणती हे ठरवायचे कुणी, तपासायचे कुणी, साफ करायची कुणी, आणि दूषित करणारा सापडला नाही तर पैसे कुणी भरायचे, याची क्रमवारी त्यांत आहे. तपासणीच्या आकड्यांचा कागद शेजारच्या वस्तीत कोण नेऊन वाचून दाखवील, हे पाहायचे आहे.